काऽपितानो, कापिताऽनो, कापितानोऽ

जानेवारीतली गोष्ट. इमारतीची लिफ्ट बंद होती आणि मी इटलीतल्या तूरीन शहरात, पोर्ता पालात्सोच्या बाजारातून भाजी घेऊन चौथ्या मजल्याकडे निघाले होते. इथे भाजीला मक्यापासून केलेल्या पातळ पिशव्या देतात. हात लावला की ओलसर लागतात, आणि कधी दगा देतील याचा नेम नसतो. दुसऱ्या मजल्यावर पिशवीचा तळ फाटला आणि सिसिलीची दोन किलो संत्री, एकेकाला अजून पान चिकटलेलं, दगडी जिन्यावरून ठप-ठप-ठप खाली निघाली. आवाज ऐकून तिथल्या म्हाताऱ्या शेजारणीने, सिन्योराने (इथे बाईंना असंच म्हणतात), दार उघडलं. पायात लोकरीच्या सपाता, हातात कांदा चिरायची सुरी. सुरी उंबऱ्यावर ठेवून ती वाकली आणि तिच्या दाराशी आलेली संत्री गोळा करू लागली. काहीतरी बोलायला हवं होतं. वर्गात नुकतंच शिकलेलं एक वाक्य माझ्याकडे तयार होतं, 'असं होतंच कधीकधी' या अर्थाचं. मी ऐटीत म्हटलं, "कोसे के कापिताऽनो."

सिन्योरा हसली नाही. वर बघितलंही नाही. भिंतीवरची तिरकी झालेली तसबीर जाता-जाता सरळ करावी तसं संत्र्याकडे बघत पुटपुटली, "काऽपितानो. सी, सी. काऽपितानो." आणि चार संत्री माझ्या ओंजळीत देऊन आत गेली.

दोन मजले चढेपर्यंत मला कळलंच नाही की काय चुकलं. घरात येऊन संत्री सिंकमध्ये टाकली आणि मग ते डोक्यात शिरलं. अक्षरं तीच, क्रम तोच, पण जोर पहिल्या अक्षरावर दिला तर अर्थ 'घडतात', आणि तिसऱ्यावर दिला तर 'कप्तान'. म्हणजे मी सिन्योराला जिन्यात उभं राहून सांगितलं होतं, "गोष्टी, ज्या कप्तान." वर हाच जोर शेवटच्या अक्षरावर टाकला तर 'त्याने नेतृत्व केलं' असा भूतकाळ होतो. काऽपितानो, कापिताऽनो, कापितानोऽ. इथल्या शाळेतल्या पोरांना हे त्रिकूट पाठ असतं. यातल्या फक्त तिसऱ्यालाच लिहिताना डोक्यावर तिरकी रेघ मिळते, कारण इटालियनमध्ये जोर शेवटच्या अक्षरावर असेल तरच तो लिहून दाखवायची सक्ती आहे. बाकी सगळं 'ज्याला माहीत त्याला माहीत'. शब्द आधी ऐकलेला असावा लागतो, नाहीतर शब्दकोश उघडावा लागतो. मी वाचून शिकलेली. घरात ऐकवणारं कोणी नव्हतं.

मराठी व्याकरणात या जोराला आघात म्हणतात. शब्द अगदी योग्य आहे.

मी ज्या वर्गाला जायचे तो सरकारी, मोठ्या माणसांचा, संध्याकाळी साडेसहाला भरणारा. इथे राहायच्या लांब मुदतीच्या परवान्यासाठी भाषेची ए-टू पातळी आणि 2018 च्या कायद्यापासून नागरिकत्वासाठी त्यावरची बी-वन लागते, त्यामुळे वर्ग कधी रिकामा नसतो. पेरूची एक दाई, मोरोक्कोचे दोन भाऊ, म्हाताऱ्यांची देखभाल करणाऱ्या रोमानियन बायका, लुधियानाकडचा एक मुलगा आणि मी. दिवसभर उभं राहून काम करून आलेली माणसं, वर्गात ओल्या जॅकेटांचा आणि हीटरवर तापलेल्या धुळीचा वास. बाई पेनाने टेबलावर ठोके देत क्रियापदं म्हणून घेत. एक अक्षर, एक ठोका. जोराच्या अक्षराला पूर्ण हात आपटायचा. पार-ला-नो. आ-बि-ता-नो. ते-ले-फो-ना-नो. पेरूची दाई बिनचूक आपटायची, तिची स्पॅनिश भाषा या भाषेची चुलत बहीण. मी मात्र दर वेळी शेवटून दुसऱ्या अक्षरावर हात आपटून बसायचे. आबिताऽनो! तेलेफोनाऽनो! बाई म्हणायच्या, "सगळे परदेशी तिथेच आपटतात, सिन्योरा, तुम्ही एकट्या नाही." सांत्वन म्हणून ठीक होतं.

त्या चुकीला कारण आहे. इटालियनमध्ये बहुतेक शब्दांचा जोर खरोखरच शेवटून दुसऱ्या अक्षरावर असतो. अशा शब्दांना 'पियाना' म्हणतात, म्हणजे सपाट. शेवटच्या अक्षरावर असेल तर 'त्रोंका', तोडलेला. शेवटून तिसऱ्यावर असेल तर 'स्द्रुच्चोला', घसरडा. आणि चौथ्यावर गेला की 'बिस्द्रुच्चोला', दोनदा घसरणारा. व्याकरणात इतकी प्रामाणिक नावं मी दुसरीकडे पाहिली नाहीत. पावसात निसरड्या होणाऱ्या रस्त्याची इथे जी पाटी असते, तिच्यातला 'स्द्रुच्चोलेवोले' हाही त्याच कुळातला. गंमत म्हणजे 'पियाना' हा शब्द स्वतः सपाट आहे, 'स्द्रुच्चोला' स्वतः घसरडा आहे, पण 'त्रोंका' तोडलेला नाही आणि 'बिस्द्रुच्चोला' एकदाच घसरतो. हे मी एकदा वर्गात मोठ्या उत्साहाने सांगितलं. बाईंना आवडलं. बाकीच्यांनी घड्याळाकडे बघितलं.

दोनदा घसरणारे शब्द म्हणजे बहुतेक करून क्रियापदं, आणि त्यातही 'ते लोक अमुक करतात' असं सांगणारी. मी फोन करतो, तेलेऽफोनो. तो करतो, तेलेऽफोना. आम्ही करतो म्हटलं की जोर उडी मारून मागे जातो, तेलेफोनियाऽमो. तुम्ही करता, तेलेफोनाऽते. मला वाटलं, चला, आता तो मागेच राहणार. तर ते लोक करतात म्हटल्यावर तो पुन्हा मूळ जागी, तेलेऽफोनानो. 'ते' चं रूप म्हणजे 'तो' च्या रूपाला मागून जोडलेला एक 'नो'. डबा मागे लागला म्हणून इंजिन जागा सोडत नाही. हे कळायच्या आधीची फजिती वेगळीच. औषधाच्या दुकानातला माणूस मला म्हणाला, "ले तेलेऽफोनानो लोरो," म्हणजे औषध आलं की तेच फोन करतील. माझ्या कानाला 'तेले' एवढं कळलं, पुढचं सगळं माशीच्या गुणगुणण्यासारखं गेलं. जोराच्या अक्षरानंतरची तीन अक्षरं तो एका श्वासात गिळून टाकतो, आणि मी मात्र 'नाऽनो' ची वाट बघत काउंटरपाशी उभी.

हे सगळं मी बाबांना व्हिडिओ कॉलवर सांगत असे. बाबा नाशिकला असतात. आयुष्यभर हिशेब तपासण्याचं काम केलं, पण जीव वृत्तांमध्ये. लहानपणी जेवायला बसलो की ताटाच्या काठावर बोटाने यमाताराजभानसलगं वाजवायचे आणि आई म्हणायची, "आधी वरण घ्या, मग गण पाडा." त्यांना मी म्हटलं, लिहून घ्या, तेलेफोनानो, आता याचे लघु-गुरू पाडा. कागदावर लिहून ते थोडा वेळ बघत बसले. मग म्हणाले, "अगं, हे तर सगळे गुरूच आहेत. ते, ले, फो, ना, नो. पाचही. भरल्या मालगाडीसारखं झालंय हे." बरोबरच होतं. आपल्या लिपीत ए, ओ, आ ही तिन्ही अक्षरं जन्मतःच दीर्घ. हलका ए किंवा हलका ओ लिहायची सोयच नाही. मी वहीत देवनागरीत लिहून पाठ करत होते, आणि प्रत्येक अक्षर डोक्यावर पोतं घेऊन उभं होतं. त्यातलं नेमकं कुठलं जड आहे हे वही सांगणार कशी? मी सांगितलं, "नाही बाबा, यात एकच जड. दुसरं. बाकीचे चार फुकटे." बाबांनी ते मनात घोळवलं. "एकच गुरू? आख्ख्या शब्दात?" मग हसून म्हणाले, "एका घरात एकच कर्ता. बाकीच्यांनी मागून यायचं."

पण बाबांच्या त्या लघु-गुरूमुळेच मला पुढे एक गोष्ट उलगडली. इटालियनची आजी लॅटिन, आणि लॅटिनमध्ये जोर कुठे पडणार हे आपल्या नियमानेच ठरायचं. शेवटून दुसरं अक्षर गुरू असेल तर जोर त्यावर, लघु असेल तर त्याच्या आधीच्यावर. आणि गुरू कशाला म्हणायचं? दीर्घ स्वर असेल, किंवा पुढे दोन व्यंजनं एकत्र येत असतील. जोडाक्षराआधीचं अक्षर गुरू, हे आठवीतल्या बाईंनी खडूने गिरवून घेतलेलं वाक्य मला तूरीनच्या ट्राममध्ये आठवलं आणि मी चक्क एकटी हसले. लॅटिनमध्ये 'ते राहतात' याला हाबितांत. मधला 'बि' लघु, म्हणून जोर 'हा' वर, शेवटून तिसऱ्या. त्या शब्दाला इटालियनमध्ये येताना शेवटी एक 'ओ' चिकटला, तोंडातला 'ह' गळून पडला, आणि तो झाला आऽबितानो. जोर हलला नाही. शब्दच मागून वाढला, म्हणून तिसऱ्याचा चौथा झाला.

क्रियापदांच्या मूळ रूपांचंही तसंच. शेवटी 'एरे' असलेली रूपं मला छळायची, कारण वेदेऽरे म्हणजे बघणं आणि लेऽज्जेरे म्हणजे वाचणं. लिहिताना शेपूट सारखंच, जोर मात्र वेगळा. का, तर लॅटिनमध्ये ती दोन वेगळी घरं होती. एकात तो 'ए' दीर्घ, दुसऱ्यात ऱ्हस्व. लिहिताना दोघं तेव्हाही सारखीच दिसायची, आणि पुढे इटालियनमध्येही घराणी उच्चारातच राहिली. काही क्रियापदांनी घर बदललंसुद्धा. हसणं हे दीर्घ घराण्यातलं, ते ऱ्हस्वात आलं, रीऽदेरे. पडणं हे ऱ्हस्वातलं, ते दीर्घात गेलं, कादेऽरे. हसताना आणि पडताना कोण नियम पाळतं म्हणा.

अक्षरं तोडायची त्यांची रीत मला जास्त आवडते. ओळ संपली आणि शब्द उरला तर कुठे तोडायचा, हे इथली मुलं पहिली-दुसरीतच शिकतात. 'स' पुढच्या व्यंजनाला सोडत नाही. पा-स्ता. कुए-स्तो. हे वाचून मी खूश झाले, कारण आपली लिपीही तेच करते. 'पास्ता' लिहिलं की 'स्ता' एका गाठोड्यात. पण र, ल, म, न आले की हे लोक त्यांना मागच्या अक्षराला देतात. कान-तो. पार-ला-नो. आणि आपण? आपण 'पार्लानो' लिहितो आणि तो बिचारा 'र' रफार होऊन 'ला' च्या डोक्यावर जाऊन बसतो. तोंडाने मात्र आपण म्हणतो पार्-ला. विले पार्ल्याला उतरणारा कुठला माणूस पा-र्ले म्हणतो? म्हणजे आपली लिपी एक सांगते आणि तोंड दुसरं करतं, आणि इतकी वर्षं माझ्या ते लक्षातही आलं नव्हतं. दुसऱ्याच्या घरातली कपाटं उघडताना आपल्या घरातलं कुठलं दार वाजतं ते कळतं, तसं काहीसं.

पुढे बाईंनी सर्वनामं जोडायला शिकवली. 'मला फोन कर' हा एकच शब्द, तेलेऽफोनामी. 'ते मला आणून द्या' हाही एकच, पोर्ताऽतेमेलो. मागून मी, ते, त्यात, सगळे येऊन चिकटतात, आणि जोर ढिम्म हलत नाही. व्याकरणाच्या पुस्तकात एक राक्षस आहे, फाब्ब्रिकामीचेलो, 'तिथे मला ते बनवून दे' अशा अर्थाचा. सहा अक्षरं, जोर पहिल्यावर, पुढची पाच अक्षरं नुसती घरंगळत जातात. खऱ्या आयुष्यात हे कोणी कोणाला म्हणालेलं मी ऐकलं नाही. आपल्याकडे 'तुझ्याबरोबरच्यांनासुद्धा' असं रोज बोलतात आणि कोणाला दम लागत नाही. पण आपला तो शब्द सपाट रस्त्याने चालत जातो, सगळ्यांना सारखा मान देत. यांचा उंचावरून उडी मारतो आणि मग जिन्यावरून ठप-ठप-ठप.

सिन्योराकडे परत यायला हवं. ती चूक मला इतकी का लागली, याचं खरं उत्तर क्रियापदात नाही.

सातवीत आमच्या वर्गात नंदुरबारकडून आलेली एक मुलगी होती. वसतिगृहात राहायची. धडा मोठ्याने वाचायला उभी राहिली की 'पाणी' चं 'पानी' करायची आणि 'आणि' चं 'आनि'. मी पहिल्या बाकावर, बाईंची लाडकी. ती वाचायची आणि मी खालून पुटपुटायचे, "पाणी. आणि." हसायचे नाही. हसणं वाईट हे मला माहीत होतं. मी नुसतं सरळ करायचे, बाईंच्या आधी. तिला ऐकू जावं इतपत आवाजात. दिवाळीनंतर ती वाचायला उभीच राहीनाशी झाली. नाव पुकारलं की घसा दुखतो म्हणायची. बाईंनी पुढे नाव घेणं सोडलं. मला तेव्हा हे सगळं शुद्धलेखनाइतकं स्वच्छ वाटलं होतं. जिन्यात सिन्योराचं ते पुटपुटणं ऐकलं तेव्हा आवाज ओळखीचा वाटला, तो माझाच होता.

पण ती तुलनाही पूर्ण खरी नाही, हे नंतर कळलं. फेब्रुवारीत सिन्योराला गुडघ्याचं इंजेक्शन होतं, मी औषधं आणून दिली, तिने कॉफीला बसवलं. स्वयंपाकघरात मोका उकळत होता, खिडकीतून बर्फाचे डोंगर दिसत होते, आणि ती सांगत होती की तिच्या घरी इटालियन कोणी बोलायचंच नाही. पिएमोंतेसे, म्हणजे या भागाची बोली, बोलायचे. शाळेत गेल्यावर तिने वहीत मांजराला एकच 'त' लिहिला, तर मास्तरीणबाईंनी तो शब्द पानभर लिहायला लावला. गात्तो, गात्तो, गात्तो. "अजून हातात दुखतं," ती म्हणाली, आणि हसली. आणि मग तिने आजोबांची गोष्ट सांगायला घेतली, तेव्हा माझ्या कानाने ते टिपलं. नोन्नो म्हणजे आजोबा. नोनो म्हणजे नववा. सिन्योराच्या तोंडी ते दोन 'न' कसेबसे दीडच होत होते. आम्हा पत्ता आणि पता, कच्चा आणि काचा यात वाढलेल्यांना दुहेरी व्यंजन कसं चुकेल? गोष्टभर तिचा नववा येत होता, द्राक्षं तुडवत होता, युद्धातून पायी घरी परतत होता. माझी जीभ टाळूला लागून तयार होती.

मी साखर ढवळत बसले.

ती मला नेहमी 'लेई' म्हणते, आपल्या अहो-जाहोसारखं. मीही तिला. या शहरात वयस्कर माणसं शेजाऱ्याशी वीस-वीस वर्षं अहो-जाहोवर राहतात आणि त्यात कोणाला काही तुटक वाटत नाही. वाक्याच्या शेवटी मात्र ती 'ने' म्हणते, आपल्या 'ना' सारखा, पिएमोंतेसेतून आलेला. तेवढ्या एका अक्षरापुरती ती मला नाशिकची वाटते.

मार्चमध्ये लिफ्ट पुन्हा बंद होती. मी उतरत होते, आणि सिन्योरा तिच्या दारात, हातात काचेच्या बाटल्यांची टोपली, खाली कचऱ्याच्या पेटीत टाकायला निघालेली. गुडघा अडखळला. तिला मी धरलं, बाटली मात्र सुटली आणि तिसऱ्या पायरीवर फुटली. टोमॅटो सॉसची बाटली, नीट धुतलेली. काचेचे तुकडे जिन्याच्या वळणापर्यंत चकाकत गेले. ती भिंतीला टेकून उभी राहिली, श्वास मोठा झालेला. माझ्या तोंडून निघून गेलं, "कोसे के काऽपितानो."

मी ऐकलं की ते बरोबर आलं. तिने ऐकलं की नाही कोणास ठाऊक. ती काचांकडे बघत होती.

"ला स्कोऽपा ए दिएऽत्रो ला पोऽर्ता," ती म्हणाली, झाडू दाराच्या मागे आहे. "प्रेऽन्दिला, ने."

आण जरा, ना. मी तिच्या स्वयंपाकघरात शिरले. दारामागे एप्रन होता, छत्री होती, त्यांच्या मागे झाडू. तो हातात घेतला तेव्हा लक्षात आलं की 'ला प्रेऽन्दा' म्हणाली नव्हती, 'प्रेऽन्दिला' म्हणाली होती. 'आणा' नाही, 'आण'. बाहेरून ती विचारत होती, सुपली सापडली का, ती सिंकखाली आहे, निळी.